वाचकांचे प्रश्न : ताओ परंपरेतले आठ अमर

प्रश्न : चिनी फुलदाणीवर आठ वस्तू रंगवल्या आहेत, माणसे एकही नाही. हे ताओ परंपरेतले आठ अमरच का?

उत्तर : बहुधा तेच, म्हणजे चीनच्या ताओ धर्मात अमरत्व मिळवलेल्या मानलेल्या आठ व्यक्ती. या नक्षीला ‘गुप्त अष्ट अमर’ म्हणतात. अमराऐवजी त्याची खूण काढायची. तलवार ल्यू दोंगबिनची, पंखा जोंगली च्युआनचा, भोपळा लंगड्या ली त्येगुआयचा, बासरी हान श्यांगजची, चिपळ्या त्साओ क्वोच्यूच्या. घोळ होतो तो फुलांपाशी. कमळ म्हणजे ह श्येनकू, या आठांतली निर्विवाद स्त्री. फुलांची टोपली मात्र लान त्साईहची. जांग क्वोलाओच्या बांबूच्या नळकांड्यालाही अनेकजण बासरी समजतात. नीट बघा : ते जाड असते, एका तोंडाला कातडे ताणलेले आणि बहुतेकदा दोन लांब काठ्या बाहेर आलेल्या. बासरी बारीक, अंगावर भोके असलेली.