तांडेलाला घरची वाट का सापडेना?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. जन्म मासेमारीत गेला, होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. वर्षभर झालं, तेच तेच विचारतात. "रापण इली काय गो?" (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं आलं का गं?) हे सकाळपासून चालू असतं, आणि रापणीला जाणं सुटून तर किती वर्षं लोटली. गेल्या महिन्यात बंदरावरून घरी येताना वाट चुकले, शेजाऱ्यांनी आणून सोडलं. मधुमेह आहे, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ करायची गोळी आहे, कानांनी कमी ऐकू येतं. गावात कोणी म्हणतं वय झालं, कोणी म्हणतं देवाचं काही राहिलंय, कौल लावा. मुंबईचे दीर म्हणतात अल्झायमरवर नवीन इंजेक्शन निघालंय, पैसे उभे करू. हे पुढे माझ्या नवऱ्यालाही होईल का?
– एक वाचक भगिनी, मालवण तालुका

उत्तर : ताई, नाव पटकन न आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं हे वयाचं मानता येईल. पण ज्या माणसाने डोंगराची टोकं, देवळाचा कळस आणि दीपस्तंभ यांची सांगड घालून भर समुद्रात मासळीची जागा शोधली, तो रोजच्या पाणंदीत चुकतो हे वयाच्या खात्यावर टाकू नका. त्यांना दाखवायलाच हवं.

वाट आणि ताजी आठवण या दोन्ही गोष्टी एकदम का जातात, ते सांगते. कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूत हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून एन्टोरायनल कॉर्टेक्स असे दोन भाग आहेत. आपण कुठे आहोत, कुठे वळायचं, याचा नकाशा तिथल्या पेशी धरून ठेवतात. या पेशींच्या शोधासाठी २०१४ चं नोबेल जॉन ओकीफ, मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना मिळालं. आज सकाळी काय झालं याची नोंदही याच भागात होते. अल्झायमरमध्ये टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुंतवळी पेशींत साठतात, आणि एन्टोरायनल कॉर्टेक्स हा त्यांच्या अगदी पहिल्या मुक्कामांपैकी एक. म्हणून पाच मिनिटांपूर्वी तुम्ही दिलेलं उत्तर त्यांच्याकडे टिकत नाही. रापण मात्र चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मेंदूभर पसरून पक्की झालेली आहे, ती राहते. ते मुद्दाम छळत नाहीत. प्रत्येक वेळी तो प्रश्न त्यांच्यासाठी पहिलाच असतो.

हातांचं कसब मेंदूत आणखी वेगळ्या ठिकाणी असतं. माझ्याकडे येणारे एक वृद्ध मच्छीमार नातवाचं नाव सांगू शकत नाहीत. मुलाने फाटक्या जाळ्याचा तुकडा मांडीवर दिला, की डाव्या अंगठ्याने गाठ दाबून धरतात, उजव्या हाताने सुई फिरवतात, आणि प्रत्येक घर शेजारच्या घराएवढंच पडतं. तुमच्या सासऱ्यांनाही असं काम द्या. तासभर तरी ते कोणाला काही विचारणार नाहीत, आणि त्या तासात त्यांचा मान त्यांच्याकडे असेल.

आता तपासणीचं. हा अल्झायमरच आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही, आणि दीरांनाही म्हणू देऊ नका. इंजेक्शनाच्या आधी साध्या गोष्टी बघायच्या आहेत, त्यातल्या काही सुधारणाऱ्या आहेत. मासे खाणाऱ्या घरात स्मृतीला लागणारं बी-१२ जीवनसत्त्व कमी कसं असेल, असं लोक मला विचारतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ शरीरात नीट शोषलं जात नाही आणि माशांचं ताट समोर असूनही कमी पडू शकतं. बी-१२ तपासा, थायरॉइड तपासा, साखर फार खाली जात नाही ना ते बघा. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचून विसराळूपणा येऊ शकतो, म्हणून गेल्या काही महिन्यांत ते कुठे पडले होते का हे आठवून डॉक्टरांना सांगा. मेंदूचा स्कॅन त्यासाठीही लागतो. मन खचल्यानेही म्हाताऱ्या माणसाची स्मृती मंदावते, होडी सुटलेल्या माणसाची तर नक्कीच.

आणि गोळ्यांचा डबा घेऊन जा, आख्खा. मी प्रत्येक वेळी तो टेबलावर उलटा करायला लावते. त्यात क्लोरफेनिरामाइन असलेली सर्दीची गोळी, लघवी वारंवार होते म्हणून कोणी दिलेली गोळी, झोपेची गोळी अशी मंडळी निघतात. स्मृतीसाठी मेंदूला अॅसिटिलकोलिन हे रसायन लागतं. यातल्या काही गोळ्या त्याचंच काम अडवतात. अल्झायमरवर १९९६ पासून वापरात असलेलं डोनेपेझिल नेमकं तेच रसायन टिकवायचा प्रयत्न करतं. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं, असं अनेक घरांत नकळत चाललेलं असतं. डोनेपेझिल सुरू करायची वेळ आली तर आधी ईसीजी काढायचा, कारण त्याने नाडी मंदावते आणि तुमच्याकडे ठोक्यांचा प्रश्न आहे.

कानांकडे दुर्लक्ष करू नका. इंजिनाच्या होडीवर वर्षं काढलेल्यांचे कान जातातच, आणि घरातले मानून चालतात की म्हाताऱ्याला कळत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत श्रवणयंत्राने सगळ्यांचा मिळून फरक दिसला नव्हता. पण ज्यांना हृदयरोग, मधुमेह असा धोका आधीच जास्त होता, त्या गटात तीन वर्षांत बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. तुमचे सासरे त्या गटासारखेच आहेत. पैसे उभे करायचेच असतील तर आधी श्रवणयंत्रासाठी करा.

इंजेक्शनाबद्दल स्पष्ट लिहिते. लेकॅनेमॅब या इंजेक्शनाला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ते मेंदूत साठलेलं अॅमिलॉइड हे प्रथिन खरोखर काढतं, आणि इतक्या वर्षांच्या अपयशानंतर हे मोठं पाऊल आहे. पण १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. आजार किती वाढला ते मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापावर, औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत फरक होता ०.४५. गेलेली आठवण परत येत नाही. ते अगदी सुरुवातीच्या रुग्णांसाठी आहे, अॅमिलॉइड असल्याचं पेट स्कॅनने किंवा पाठीतल्या पाण्याच्या तपासणीने सिद्ध व्हावं लागतं, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून घ्यावं लागतं, पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत वर्षाला २६,५०० डॉलर. चाचणीत सुमारे आठांतल्या एकाच्या मेंदूला सूज दिसली, काहींच्या मेंदूत बारीक रक्तस्राव झाले. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्याला हा धोका मोठा आहे. तुमच्या घरासाठी माझं उत्तर आज 'नको' असं आहे. दिरांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

नवऱ्याची काळजी रास्त आहे. थेट पिढीतून उतरणारा अल्झायमर अगदी दुर्मीळ, आणि तो बहुतेक वेळा पासष्टीच्या आतच दिसतो. उतारवयातल्या आजारात 'एपीओई-४' या जनुकाने धोका वाढतो, पण ते असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही, म्हणून त्याची तपासणी करत बसू नका. अॅमिलॉइड लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साठत असतं, म्हणजे नवऱ्याची वेळ आत्ता आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची, म्हणजे स्मृती आणि बुद्धी ढासळण्याच्या आजारांची (अल्झायमर त्यातलाच एक), बदलता येण्याजोगी १४ कारणं मोजली आणि ती सगळी आटोक्यात आली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील असा अंदाज दिला. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट, दारू, कान, डोळे हे सगळं त्यात आहे.

देवाला गाऱ्हाणं घाला, त्याने घरातल्यांच्या मनाला धीर येतो. फक्त कौलाची वाट बघत तपासणी लांबवू नका.

तिन्हीसांजेला ते जास्त बेचैन होत असतील, "घराक जातंय" म्हणत असतील. दिवस-रात्र ओळखणारं मेंदूतलं घड्याळही या आजारात बिघडतं, आणि पावसाळ्यात अंधाऱ्या पडवीत दिवसभर बसल्यावर ते आणखी गोंधळतं. सकाळी उजेडात बसवा, काळोख पडायच्या आधी दिवे लावा. "हेच तुमचं घर" म्हणून वाद घालू नका, खळ्यात एक फेरी मारून आणा. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. गणपतीत चाकरमानी आले की गर्दीने ते घाबरतील. त्यांची खोली त्यांच्याकडेच राहू द्या. आणि दिरांनी पैशाआधी सुट्टी द्यावी. महिन्यातले चार दिवस तरी तुम्हाला मोकळे हवेत. फार कोंडल्यासारखं झालं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : रोज खोबरेल तेल प्यायल्याने स्मरणशक्ती परत येते असं ऐकलं. आमच्या घरचंच तेल आहे.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : तसा भरवशाचा पुरावा नाही. जेवणात वापरता तेवढं वापरा, वर चमचे पिऊ नका. कोलेस्टेरॉल वाढलं तर मेंदूचंच नुकसान आहे.

प्रश्न : निवृत्त शिक्षिका आहे. नातवंडांशी मालवणीत बोलते तर सून म्हणते, मुलांचा गोंधळ होतो. माझ्या मेंदूला याचा काही उपयोग आहे का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं त्यांनी २०१३ मध्ये मांडलं. शाळा न शिकलेल्यांतही हा फरक होता. अशा नोंदींवरून भाषेमुळेच झालं हे सिद्ध होत नाही, पण दोन भाषांत रोज ये-जा करणाऱ्या मेंदूला सतत निवड करावी लागते, आणि तो व्यायाम मला पटतो. मुलं दोन भाषा सहज शिकतात. नातवंडांशी मालवणीत बोला, आणि तीही तुमच्याशी मालवणीतच बोलतील असं बघा.