करडईतला ‘टिंक्टोरियस’ बेडकाच्या नावात कसा?

प्रश्न असा आहे : करडईचं शास्त्रीय नाव कार्थॅमस टिंक्टोरियस आणि दक्षिण अमेरिकेतल्या एका विषारी बेडकाचं डेंड्रोबेटीस टिंक्टोरियस. मग टिंक्टोरियस म्हणजे ‘रंगीत’ का? आणि जुन्या ग्रंथांतला ‘राना टिंक्टोरिया’ हा वेगळा बेडूक का?

रंगीत नव्हे. लॅटिनमधल्या या विशेषणाचा अर्थ रंगाऱ्याच्या कामाचा, रंगवायला उपयोगी पडणारा. करडईच्या पाकळ्यांतून पिवळा आणि लाल रंग काढून कापड रंगवत, म्हणून ते नाव. निळीचं झुडूप इंडिगोफेरा टिंक्टोरिया. आता त्याची पानं हिरवी, फुलं गुलाबीसर. निळा रंग पानं भिजवून आंबवल्यावर मिळतो. तिथे ‘रंगीत’ हा अर्थ लावूनच बघा.

बेडकाची गोष्ट जास्त मजेची. गयानाच्या प्रदेशातले लोक पाळीव पोपटाची हिरवी पिसं उपटतात आणि त्या जागी हा बेडूक चोळतात, मग नवी पिसं पिवळी-तांबडी येतात, अशी हकिकत युरोपात पोचली होती. क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७९७ साली दिलेल्या नावामागे तीच आहे. पिसं खरोखर बेडकामुळेच रंग बदलत का, यावर मी पैज लावणार नाही.

त्याचं मूळ नाव राना टिंक्टोरिया. ‘राना’ हा बेडकासाठीचा लॅटिन शब्द स्त्रीलिंगी. पुढे वाग्लर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं १८३० मध्ये मांडलेल्या डेंड्रोबेटीस या प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ही जाती गेली आणि ते नाम पुल्लिंगी, म्हणून टिंक्टोरियाचं टिंक्टोरियस झालं. आपण काळा बेडूक, काळी बेडकी म्हणतो, तसंच. बेडूक तोच. प्रजाती बदलली की मूळ नाव देणारा कंसात जातो, म्हणून ‘(क्युव्हिए, १७९७)’ असं लिहितात. तो कंस शोभेचा नाही, छापताना गाळू नये.

याउलट, दोन नावांचा एक बेडूक झाल्याचंही उदाहरण इथेच आहे. दक्षिण सुरिनाममधल्या सिपालिविनी गवताळ प्रदेशात जंगलाचे तुटक तुकडे आहेत. तिथल्या गडद निळ्या, काळ्या ठिपक्यांच्या बेडकाला हूगमूड या डच प्राणिशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये डेंड्रोबेटीस अझुरियस असं स्वतंत्र नाव दिलं. ‘अझुरियस’ मात्र रंगाचंच विशेषण, निळा. २००६ मधल्या जनुकीय अभ्यासानंतर तो टिंक्टोरियसचाच एक रंगप्रकार धरला जातो. गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना आणि उत्तर ब्राझील एवढ्या पट्ट्यात या जातीचे रंग जागोजागी इतके बदलतात, की नुसत्या कातडीवरून जाती ठरवणं फसवंच.

मराठीत मी ‘रंगारी बेडूक’ म्हणेन. ‘डाइंग डार्ट फ्रॉग’ या इंग्रजी नावातलं ‘डाइंग’ हेही रंगवण्याचं, मरण्याचं नव्हे. ‘बाणविषाचा बेडूक’ टाळलेलं बरं : फुंकनळीच्या बाणांना विष लावायला कोलंबियातले एंबेरा लोक वापरत ते बेडूक फायलोबेटीस या दुसऱ्या प्रजातीतले.