गुलाबकुळ शिकताना आधी ब्लेड हातात घे

बाळ, कुळाची लक्षणं पाठ करत बसू नकोस. गणपत गल्लीच्या बाजारातून एक गावठी गुलाब घे, एक सफरचंद आणि चार स्ट्रॉबेरी; तिन्ही याच कुळातली. गुलाब उभा चीर. पाकळ्यांखालची ती हिरवी वाटी दिसली का? कुळाची खरी किल्ली तीच. तिच्या काठावर निदलं (पाकळ्यांबाहेरची हिरवी पानं), पाकळ्या, पुंकेसर. स्त्रीकेसर आत, तळाशी. सफरचंदात हीच वाटी बीजकोशाला, म्हणजे बिया जिथे तयार होतात त्या भागाला, चिकटून गरदार होते. फळ उलटं करून बघ, देठाच्या विरुद्ध टोकाला पाच वाळकी निदलं अजून असतात. स्ट्रॉबेरीत मात्र फुगते ती पुष्पस्थली, म्हणजे फुलाचे भाग ज्यावर बसतात तो देठाचा शेंडा. वरचे दाणे हीच खरी फळं.

भरगच्च गुलाबाची आतली पाकळी भिंगाखाली धर. कधीकधी तिच्या कडेला पिवळा परागकोश चिकटलेला सापडतो. पुंकेसर होता होता पाकळी झाली! मला आजही ते बघताना भरून येतं.

वर्गीकरणात जुनी पुस्तकं फळांवरून चार उपकुळं सांगतात. डीएनए अभ्यासानंतर आता तीन मानतात: सफरचंद आणि बदाम एकाच उपकुळात, गुलाब-स्ट्रॉबेरी दुसऱ्यात. परीक्षेला कुठलं चालतं ते सरांना विचारून घे.