शत्रूंना देवच हरवणार असेल, तर आपण नुसतं थांबायचं का?

नाही. तुम्ही लिहिलंय की नौपाड्यातल्या जागेच्या वादात समोरच्याची नोटीस आली आहे आणि घरचे म्हणतात, 'देवाची योजना आहे, गप्प राहा.' बायबलमधला यहूदाचा राजा हिज्कीया काही गप्प राहिला नव्हता.

इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाची गावं घेत निघाला. हिज्कीयाने यरुशलेम शहराबाहेरचे झरे बुजवले, तट दुरुस्त केला, गिहोन झऱ्याचं पाणी आत वळवलं. त्याचा म्हणून ओळखला जाणारा, पाचशेहून अधिक मीटर लांबीचा बोगदा यरुशलेमात आजही आहे, त्यातून चालत जाता येतं. पुढे सन्हेरीबाचं धमकीचं पत्र आलं, ते त्याने मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरलं. त्या रात्री अश्शूरी छावणीत 1,85,000 माणसं मेली, असं बायबलमधल्या '2 राजे' या पुस्तकाचा 19 वा अध्याय सांगतो. सन्हेरीबाचा स्वतःचा लेख हे अर्थातच सांगत नाही. हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडल्याची बढाई त्यात आहे, पण यरुशलेम जिंकल्याचा दावा नाही!

नोटीस प्रार्थनेत जरूर ठेवा, आणि उत्तराची मुदत उलटण्याआधी ठाण्यातला एखादा वकीलही गाठा. फक्त समोरच्या शेजाऱ्याला लगेच अश्शूर ठरवू नका.

वाचायला '2 राजे'च्या 18 व्या अध्यायापासून घ्या. उपदेशात बऱ्याचदा थेट 19 वर उडी मारतात, आणि हिज्कीयाने आधी घाबरून मंदिराच्या दारांचं सोनं काढून खंडणी भरली होती, तो भाग राहून जातो.