प्रिव्ह्यू मोठ्याने वाच

पोरी,

परवा रात्री पावणेअकराला तुझा फोन वाजला तेव्हाच ओळखलं, काहीतरी सांडलंय. तू आधी तब्येत विचारलीस, मग पाऊस विचारलास आणि शेवटी हळूच म्हणालीस, "काका, एका मुलीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मात वसतिगृहाऐवजी डे स्कॉलर पडलंय." कधी, म्हटलं. तर आठ दिवस झाले.

फोनवर मी फार बोललो नाही. बोललो असतो तर रागावलो असतो, आणि तेही चुकीवर नाही, त्या आठ दिवसांवर. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारं हे दुकान मी अठरा वर्षं चालवलं, त्यात चूक माझ्याकडून किती वेळा झाली त्याची मोजदाद नाही. पण महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरचा, अर्ज कसा पुढे सरकतो हे मीच तुला शिकवलं होतं. आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे, तिथून विभागाकडे. क्लार्कच्या लॉगिनमध्ये अर्ज पडून आहे तोवर तो 'सेंड बॅक' करतो, अर्ज मुलीच्या लॉगिनला परत येतो, आपण एक खाना बदलतो, विषय मिटतो. एकदा का वर गेला, की प्रत्येक टेबलाला हात जोडत फिरायचं. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचा निर्वाह भत्ता वेगळा आणि घरून ये-जा करणारीचा वेगळा. तो फरक तुला आकडा वाटत असेल, तिला तो मेसचा खाडा आहे.

तू म्हणालीस, लक्ष होतं तरी चुकलं. मला पटतं. शेवटच्या तारखेला दुकानात पंधरा माणसं उभी असतात, साइट गरगर फिरत असते आणि गिऱ्हाइकाचे डोळे स्क्रीनवर नसतात, एस.टी.च्या वेळेवर असतात. त्यात ते ऑटोफिल. आपण 'प' टाइप केलं की ब्राउझर मागच्या माणसाचा अख्खा पत्ता ओततो. आपल्याला बरं वाटतं, चला, तेवढी मेहनत वाचली. दुकानातल्या दोन्ही मशीनवरचं ऑटोफिल बंद कर आणि मागची खिडकी बंद करूनच प्रत्येकाला नवी इनकॉग्निटो खिडकी उघडत जा, मागच्याचं लॉगिन तसंच राहण्याचा घोळही टळेल.

पण खरी गोष्ट प्रिव्ह्यूची आहे. सबमिटच्या आधी सगळा अर्ज एका पानावर दिसतो, ते पान आपण बोटाने खाली ढकलतो. मी उशिरा एक सवय लावून घेतली. स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवायची आणि मोठ्याने वाचायचं. त्यातही एक मेख आहे. "वसतिगृह नाही, बरोबर ना?" असं विचारलंस तर समोरचा "हो" म्हणणारच. आपल्याकडे येणारा माणूस काउंटरच्या आतल्या माणसाला खोटं पाडत नाही, त्याला संकोच वाटतो. म्हणून प्रश्न उघडा ठेवायचा. "मुलगी राहते कुठं?" "पासबुक कुठल्या बँकेचं?" उत्तर त्याच्या तोंडून येऊ दे आणि तू स्क्रीनवर ताडून बघ. दोन मिनिटं जातात. मागचे लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

खाते क्रमांकाचंही तसंच. पोर्टल तो दोनदा विचारतं, आपण पहिला टाइप करतो, कॉपी करतो आणि दुसऱ्या खान्यात चिकटवतो. म्हणजे चूकही दोनदा, नीट जुळणारी. एनईएफटीने पैसे पाठवताना तर रक्कम खाते क्रमांकावर जमा होते. वर लिहिलेलं नाव बँक ताडून बघेलच या भरवशावर राहू नकोस. दुसऱ्यांदा पासबुक समोर धरूनच टाइप करायचं.

खाना चुकणं ही फक्त तालुक्याच्या गावातल्या दुकानांची गोष्ट आहे असं समजू नकोस. ५ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी सकाळी निफ्टी हा निर्देशांक नऊशेच्या आसपास अंकांनी कोसळला, पंधरा टक्क्यांहून जास्त. बाजार थांबवावा लागला. युद्ध नाही, सरकार पडलं नाही. एका दलाली पेढीच्या डीलरने सतरा लाख रुपयांचे शेअर विकायचे होते तिथे सतरा लाख हा आकडा नगांच्या खान्यात टाकला. ५९ ऑर्डरी गेल्या, साडेसहाशे कोटींच्या वर. आकडा बरोबरच होता, बघ. बसला शेजारच्या घरात. तेव्हा आपल्या दुकानातल्या टीव्हीवर ती बातमी चालू होती आणि मी हसलो होतो. हसायला नको होतं, कारण माझी स्वतःची चूक तेव्हा आधीच पेरून झाली होती.

ती तुला कधी सांगितली नाही. सुरुवातीच्या वर्षांत वाड्यावस्त्यांवरच्या कित्येक लोकांकडे मोबाइल नसायचा, असला तर नंबर पाठ नसायचा. फॉर्मात मोबाइल क्रमांक सक्तीचा. मग मी माझाच टाकायचो. मला तो मोठेपणा वाटायचा, मेसेज माझ्याकडे येईल, मी निरोप देईन. शेकडो फॉर्मांवर माझा नंबर गेला. पुढे मी दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेतलं, जुनं तसंच ड्रॉवरमध्ये पडलं. रिचार्ज नाही, वापर नाही, ते बंद पडलं. असा बंद नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी देते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं.

दोन वर्षांनी एक पोरगा आला. पासवर्ड विसरला होता, जागा मिळाली का ते बघायचं होतं. 'फरगॉट पासवर्ड' केलं, ओटीपी गेला. कुठे गेला? माझ्या जुन्या नंबरवर. मी त्या नंबरला फोन लावला, तर पलीकडे कुणी बाई. ओटीपी मागितला तर त्यांनी मला फसवणारा समजून झापलं आणि फोन ठेवला. त्यांचं काहीच चुकलं नाही. अनोळखी माणसाला ओटीपी देऊ नये हे मीच दुकानात कागदावर लिहून चिकटवलं होतं! हेल्पलाइन, ईमेल, अर्ज यात चार दिवस गेले आणि कॉलेजात हजर होण्याची मुदत संपली. पुढच्या फेरीत त्याला दुसरं कॉलेज मिळालं, घरापासून लांबचं. तो मला काही बोलला नाही. आजही बाजारात भेटला की नमस्कार करतो, आणि मला त्याचंच जास्त लागतं.

म्हणून नंबर माणसाचाच हवा, नाहीतर त्याच्या घरातल्या कुणाचा. पासवर्ड त्याच्याच वहीत, त्याच्याच हाताने लिहिलेला. आपल्या वहीत फक्त अर्ज क्रमांक आणि तारीख.

कागदांबद्दल थोडं. लोक आता व्हॉट्सॲपवर आधार पाठवतात, आपण प्रिंट मारतो, फाइल तिथंच राहते. मी सोडताना दुकानाच्या फोनमध्ये अख्खा गाव होता. ई-आधारला पासवर्ड असतो असं तू म्हणशील. तो म्हणजे नावाची इंग्रजी पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. फाइलला नाव माणसाचंच दिलेलं आणि शेजारी शाळा सोडल्याचा दाखला, मग कुलूप कसलं ते? २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने सूचना काढली होती की सायबर कॅफेत ई-आधार उतरवलं तर फाइल कायमची पुसा. गदारोळ झाला, दोन दिवसांत सूचना मागे घेतली गेली. मला विचारशील तर पुसण्याचा मुद्दा चोख होता. रोज शटर ओढण्याआधी डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामी कर, आणि फोनमधली गॅलरीही. एखाद्याचा उत्पन्नाचा दाखला चुकून गावाच्या ग्रुपवर गेलाच, तर 'सगळ्यांसाठी डिलीट' दोन-अडीच दिवस चालतं खरं, पण तोवर ज्याने स्क्रीनशॉट घेतला त्याच्या फोनचं काय करशील?

पैशांची फसवणूक झालेला कुणी रडत आला, तर त्याला आधी चहा पाजत बसू नकोस, १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावून दे. ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. लाज वाटून घरी बसलेला माणूस तेवढ्या वेळात सगळं घालवतो. तुझे आठ दिवस मला का टोचले ते आता कळलं असेल.

उद्या सकाळी दुकान उघडू नकोस. कॉलेजात अकराच्या आत पोच, अर्ज क्रमांक आणि वसतिगृहाचा दाखला बरोबर ने. क्लार्कला सांग, चूक सेंटरची आहे, मुलीची नाही. हे आधी सांग, नाहीतर तो तिलाच चार शब्द सुनावेल. अर्ज वर गेला असेल तर कुणाच्या लॉगिनला अडकलाय ते विचार आणि लगेच मला कळव. संध्याकाळी तिच्या वडिलांना तूच फोन कर. फी घेतली असशील ती परत दे. ते घेणार नाहीत, तरी दे.

आणि हो, शेल्फातल्या हिरव्या वहीत पहिल्या पानावर माझा तो जुना नंबर अजून असेल. तो खोडून टाक.

तुझा
काका