फुल-रेंज स्पीकरला सुपर ट्वीटर जोडल्याने आवाज बिघडतो का?

तुम्ही विचारलंय की तुमच्याकडे ८ इंची फुल-रेंज स्पीकर (खालचे-वरचे सगळे स्वर एकट्यानेच वाजवणारे) आहेत, क्रॉसओव्हर (स्वर वेगवेगळ्या स्पीकरांत वाटणारं सर्किट) नाही, गाणाऱ्याचा आवाज फार आवडतो, पण झांजा दबलेल्या वाटतात; मग सुपर ट्वीटर (फक्त सर्वात वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) जोडावा का, की त्याने आहे तोही गोडवा जाईल?

जाऊ शकतो. माझा गेला होता. ट्वीटर चांगला होता, पण मी त्याला फार खालपासून वाजायला लावलं होतं.

खरेदीआधी एक करून बघा. ८ इंची कोन (स्पीकरचा शंकूसारखा पडदा) साधारण २ किलोहर्ट्झच्या वर आवाज झोतासारखा समोर फेकू लागतो. स्पीकर सरळ समोर बघत असतील तर वरचे स्वर तुमच्या कानांच्या बाजूने निघून जातात. ते आत वळवून थेट कानांवर रोखा आणि दोन-चार दिवस ऐका. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीवरून मात्र निर्णय घेऊ नका; त्यात १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा भाग बहुधा कापलेलाच असतो.

तरीही उणीव जाणवली तर जोडा. फुल-रेंजला हात लावायचा नाही, तो अँप्लिफायरला थेटच राहू द्या. ट्वीटर त्याला समांतर, आणि ट्वीटरच्या वाटेत एक कपॅसिटर (खालचे स्वर अडवून वरचे जाऊ देणारा भाग). मी आधी ३.३ मायक्रोफॅरडचा लावला होता. ८ ओहमच्या ट्वीटरला तो ६ किलोहर्ट्झपासून वर नेतो, आणि तिथे फुल-रेंज स्वतःच जोरात बोलत असतो. ‘स’ आणि ‘श’ दोन तोंडांतून आल्यासारखे टोचायला लागले. २.२ ला हा आकडा ९ किलोहर्ट्झ होतो, १.५ ला १३, आणि १ ला जवळपास २०. शेवटचा आकडा बघून वाटतं, यातून ऐकू काय येणार? पण एका कपॅसिटरचा उतार ऑक्टेव्हला (म्हणजे किलोहर्ट्झचा आकडा निम्मा झाला की) फक्त ६ डेसिबल असतो, त्यामुळे १० किलोहर्ट्झलाही ट्वीटर सुमारे ७ डेसिबलच खाली असतो. म्हणून १ पासून सुरू करा, कमी पडलं तर १.५. कपॅसिटर पॉलीप्रॉपिलीनचा घ्या.

ट्वीटरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरवर तो किती जोरात वाजतो) फुल-रेंजइतकी किंवा थोडी जास्त हवी. जास्त असेल तर रेझिस्टरने उतरवता येते, कमी असेल तर या जोडणीत इलाज नाही. ३ डेसिबल उतरवायचे असतील तर कपॅसिटरनंतर साधारण २.४ ओहम सिरीजमध्ये आणि २० ओहम ट्वीटरला समांतर. असं केलं की कपॅसिटरला समोर ८ ओहमच दिसतात आणि वरचे आकडे तसेच टिकतात. पातळी किती ठेवायची? ट्वीटर वाजतोय हे कळलं, तर तो जास्त आहे. त्याची वायर काढल्यावर खोली किंचित लहान झाल्यासारखी वाटली, की पातळी बरोबर. (वायर काढताना-लावताना आवाज पूर्ण बंद ठेवा.)

सर्वात जास्त वेळ मात्र जागेसाठी राखून ठेवा. १० किलोहर्ट्झला आवाजाची एक लाट जेमतेम ३४ मिलिमीटरची असते. म्हणजे ट्वीटर १७ मिलिमीटर पुढे-मागे झाला की जिथे दोघांची बेरीज होत होती तिथे वजाबाकी होते. महागडा कपॅसिटर घेऊन ट्वीटर खोक्यावर कुठेही ठेवून देणारे लोक पाहिले की मला खरंच वाईट वाटतं. तो फुल-रेंजच्या बरोबर वर, शक्य तितका जवळ ठेवा. मोनो आवाज लावा, एकच स्पीकर चालू ठेवा, नेहमीच्या जागी बसा आणि कुणाला तरी ट्वीटर अर्धा-अर्धा सेंटिमीटर मागे सरकवायला सांगा. मग प्लस-मायनस उलटे करून तेच पुन्हा. कुठली जोडणी बरोबर, हे तुमच्या ड्रायव्हरवर (म्हणजे फुल-रेंज आणि ट्वीटर या जोडीवर) ठरतं. माझ्याकडे उलटी बरी निघाली.

एवढं करूनही आवाज टोचत राहिला तर ट्वीटर वर किंवा मागच्या भिंतीकडे तोंड करून ठेवून बघा. मग फुल-रेंजचा थेट आवाज जवळपास अबाधित राहतो आणि ट्वीटर फक्त खोलीत परतणाऱ्या आवाजात भर घालतो. माझा ट्वीटर समोरच बघतो, पण खोक्याच्या पुढच्या कडेपासून दोन सेंटिमीटर मागे, आणि धूळ पुसताना हलू नये म्हणून तिथे पेन्सिलची रेघ मारून ठेवली आहे.