वाचकांचे प्रश्न : अर्धा सेंटिमीटर कुठे गेला?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली, बी.एस्सी. गृहविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गरिबी आणि मुलांचं कुपोषण यावर संशोधन करायचं आहे. डॉक्टर व्हावं लागेल का? परदेशी जावं लागेल का?

उत्तर : दोन्हींची सक्ती नाही. या क्षेत्रात माणसं तीन दारांनी येतात : वैद्यक, आहारशास्त्र आणि अर्थशास्त्र-संख्याशास्त्र. तुमचं दार मधलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत उपयोजित पोषणाचं एम.एस्सी. आहे. आकडेमोडीकडे ओढा असेल तर मुंबईत देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तिथूनच चालतं. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये, घरभाडं वेगळं. पण एम.एस्सी. झाल्या झाल्या पीएच.डी.ला बसू नका, मध्ये वर्षभर गावोगाव फिरून मोजमाप करा. ही नोकरी कंत्राटी असते, प्रकल्प आटोपला की सुटते. घरच्यांना ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

परदेशाचं म्हणाल तर जागतिक काम बेळगावातच झालेलं आहे. काँगो, ग्वाटेमाला आणि पाकिस्तानबरोबर इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं (जेएनएमसी) एका चाचणीत भाग घेतला. काही बायकांना गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून, काहींना गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्यापासून रोज २० ग्रॅमची पोषक पुडी दिली, तिसऱ्या गटाला दिली नाही. २०१९ साली निष्कर्ष छापून आले : पुडी घेतलेल्या दोन्ही गटांतली बाळं जन्मतः लांबीला जास्त भरली.

गरिबीशी धागा कसा जुळतो हे ग्वाटेमालात दिसलं. १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांपैकी दोन खेड्यांत प्रथिनयुक्त पेज दिली, उरलेल्या दोन खेड्यांत नुसतं गोड सरबत. तीच मुलं पुढे मोठी झाल्यावर शोधून काढली. पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सरासरी ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. बायकांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. एका प्रश्नाचा असा तीस-पस्तीस वर्षं पाठलाग करायची तयारी हवी.

प्रश्न : एका सर्वेक्षणात मी मुलांची उंची-वजनं घेतली. आकडे ‘संशयास्पद’ शेरा मारून परत आले. मी खोटं काहीच लिहिलेलं नाही. (निपाणी)

उत्तर : तुमच्यावर खोटेपणाचा आरोप झालाय असं समजू नका, बहुतेक वेळा दोष हाताच्या सवयीचा असतो. आधी तुमच्या नोंदींतला दशांश तपासा. ० ते ९ हे सगळे अंक साधारण सारखेच यायला हवेत. .० आणि .५ वर गर्दी असेल तर तुम्ही आकडा अंदाजानं जवळच्या पूर्ण किंवा अर्ध्या सेंटिमीटरवर नेलाय.

मग वय. ‘दोन वर्षांचा’ म्हणजे आईच्या लेखी बावीस महिनेही असतात आणि सव्वीसही. आडवं मोजून ८१ सें.मी. भरलेला मुलगा २२ महिन्यांचा असेल तर खुंटलेला (वयाच्या मानानं फार बुटका) नाही, कारण त्या वयाला खुंटलेपणाची रेघ ८०.२ ची. त्यालाच २४ महिने लिहिलं की रेघ ८१.७ वर जाते आणि तो कुपोषितांत जमा होतो. म्हणून तायी कार्डावरची (आईच्या आरोग्य कार्डावरची) तारीख उतरवून घ्या. कार्ड नसेल तर सौंदत्तीची जत्रा, दिवाळी, ऊसतोड यांच्या आधी की नंतर, असं विचारत जन्माचा महिना पक्का करा.

दोन वर्षांखालचं मूल आडवं मोजायचं, त्यापुढचं उभं. मोठं मूल आडवं मोजावंच लागलं तर ०.७ सें.मी. वजा करायचे. उंची मोजायच्या फळीवर माणसं दोनच हवीत : एकानं डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्यानं गुडघे दाबून पायाची फळी सरकवायची. एकट्यानं मोजलं की गुडघा वाकतो आणि सेंटिमीटरभर हातोहात जातो. दोन वर्षांच्या मुलात एक सेंटिमीटर म्हणजे प्रमाण विचलनाचा (मुलामुलांच्या उंचीतल्या नेहमीच्या फरकाच्या मापाचा) तिसरा हिस्सा! अंबाडा सोडा, टोपी काढा. वजनाला करदोटा, वाळे, बिंदल्या उतरवा. आजी कुरकुरेल, समजावून सांगा. सारवलेली जमीन उंचसखल असते, काट्याखाली प्लायवूड घाला. दंडाचा घेर डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर घ्या, पट्टी आवळू नका.

चुका दोन्ही बाजूंना झाल्या तर एकमेकींना खाऊन टाकतील, असं वाटतं. तसं होत नाही. समजा, निरोगी मुलांच्या सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर, या मापात गावातल्या मुलांची सरासरी −१.५ आणि पसारा १.० आहे, तर −२ च्या, म्हणजे कुपोषणाच्या रेघेच्या, खाली ३१ टक्के मुलं येतात. निव्वळ ढिसाळ मोजणीनं पसारा १.३ झाला तर तोच आकडा ३५ वर जातो. सरासरी जागची हललेली नसते, तरी गावात चार टक्के कुपोषण कागदावर वाढलेलं असतं. यावर उपाय जुनाच आहे : कामाला लागण्याआधी दहा मुलं, प्रत्येक मोजणाऱ्याकडून दोनदा, पहिले आकडे झाकून.

आणि ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंड ११.५ सें.मी.पेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबल्यावर खळगा राहिला, तर फॉर्म पुरा करण्याआधी अंगणवाडीताईंना आणि आरोग्य केंद्राला कळवा.

प्रश्न : माझं शिक्षण मराठीतून, कन्नड जेमतेम. अडेल का? (अथणी)

उत्तर : कामापुरतं बोलता यायलाच हवं. शेजारीण दुभाषी म्हणून बसवू नका. तिच्यासमोर आई घरात काय शिजलं ते खरं सांगणार नाही. प्रश्नावली दोन्ही भाषांत करा आणि मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर करून घ्या. ‘दूध देता का?’ हा मराठीतच फसवा प्रश्न आहे. अंगावरचं आणि वरचं वेगवेगळं विचारा. ‘एक वाटी’ कुणाच्या घरची हे कळत नाही, तेव्हा मापाची वाटी पिशवीत असू द्या. दुपारी कुलूप दिसलं म्हणून घर गाळू नका, संध्याकाळी परत जा. हंगामात कारखान्याजवळच्या तोडणीवाल्यांच्या खोपटांची यादी वेगळी करा, ती मतदारयादीत नसतात.